येळवंतीचं सूनमुख

"मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण, एवढं आधी ठरवा. मग पुढचं बोलू," आक्कासाहेब म्हणाल्या आणि उंबरगड नगरपरिषदेच्या सभागृहातल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

सभा लग्नाची नव्हती हो! येळवंती नदीच्या काठावरच्या पाच शहरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. एकाला जे जमतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं आणि एकाची घाण दुसऱ्याच्या दारात जाणार नाही असं बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. मंडळाचा समन्वयक कौस्तुभ जोगळेकर पुण्याहून आलेला, भला मुलगा, पण ही साधी गोष्ट तो तासभर पडद्यावर चित्रं दाखवून सांगायचा. त्या दिवशी त्यानं दोन-दोन शहरांच्या जोड्या लावल्या, पाचवं तसंच ठेवलं आणि म्हणाला, "आजपासून उंबरगड आणि निंबसर ही भगिनी शहरं. दोघांचा करार करू."

तिथंच आक्कासाहेबांनी त्याला अडवलं. आक्कासाहेब म्हणजे उंबरगडचे नगराध्यक्ष विक्रमराव शेळके यांच्या मातोश्री. पद कुठलंच नाही, पण प्रत्येक सभेत पहिली खुर्ची त्यांची. पंचक्रोशीत कुठल्याही लग्नात मानपान चुकला की लोक त्यांच्याकडं निवाड्याला जायचे.

"बहिणी-बहिणींचं काय घेऊन बसलास, बाळा?" त्या जोगळेकरला म्हणाल्या. "आपापल्या घरी गेल्या की दिवाळीशिवाय भेट नाही. सोयरीक म्हण. सोयरीक झाली की दोन्ही घरं बांधली जातात."

"मग आम्ही मुलाकडचे," विक्रमराव लगेच बोलले. "शहर आमचं मोठं. करार निंबसरला करायचा, पंगत त्यांनी द्यायची, आम्ही वऱ्हाड घेऊन येणार."

आमचे नगराध्यक्ष दत्ताप्पा मगदूम यांचा चेहरा पाडाला लागलेल्या आंब्यासारखा लाल झाला. ते काही बोलायच्या आत मीच उठले. मी हेमलता खराडे, निंबसरची पाणीपुरवठा सभापती.

"कबूल," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल तसं. मानपानात काही कमी पडणार नाही."

परतताना जीपमध्ये दत्ताप्पा माझ्यावर असे भडकले, की ड्रायव्हरनं गाडी हळू घेतली. "हेमावहिनी, अख्ख्या गावाची मान खाली घातलीत तुम्ही! घाण त्यांनी सोडायची, पाय आपण धुवायचे?"

"धुवू की. त्यात काय झिजतंय?"

"आणि करारावर सही नाही केली तर?"

"आप्पा, आपल्याला सही पाहिजे की मान?"

"दोन्ही!" म्हणाले आणि निंबसर येईपर्यंत तोंड फिरवून बसले.

त्यांचा राग खोटा नव्हता. उंबरगड डोंगराच्या पायथ्याशी, आम्ही खाली. त्यांचं सगळं सांडपाणी येळवंतीत पडायचं आणि तीच येळवंती आमच्या नळाला यायची. बरं, सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प त्यांच्याकडं नव्हता असंही नाही. नवाकोरा होता, फीत कापून झाली होती. पण तो चालवत नव्हते. विक्रमराव उघड म्हणायचे, "विजेचं बिल आम्ही भरायचं आणि स्वच्छ पाणी निंबसरनं प्यायचं, हा कुठला न्याय?" कराराच्या कागदात जोगळेकरनं प्रकल्प रोज चालवायची अट घातली होती, आणि तिच्यापाशी आलं की विक्रमराव म्हणायचे, "बघू."

आमच्या गल्लीत त्या साली घराआड घर कावीळ होती. माझे हे महिनाभर उसाच्या रसावर पडून होते, ते एक वेळ हसण्यावारी नेलं. पण समोरची शबाना गेली. पोटुशी होती, सातवा महिना. आठ दिवसांत गेली पोर. तिच्या सासूनं दारात बसून फोडलेला हंबरडा मला अजून ऐकू येतो. आणि आता माझ्या घरात माझी धाकटी जाऊ रेवती पाचव्या महिन्यात होती. तिला माहेर जवळचं नव्हतं, आईही नव्हती. बाळंतपण आमच्याकडंच. मी चुलीवर, गॅसवर, मिळेल त्यावर पाणी उकळत होते, आणि तरी ती ग्लास तोंडाला लावायची तेव्हा हातातलं काम सोडून तिच्याकडं बघायचे.

त्या संध्याकाळी मी तिला माझा बेत कानात सांगितला. ती इतकी हसली, इतकी हसली, की मलाच म्हणावं लागलं, "हळू गं बाई, पोटात लेकरू आहे."

"पण वहिनी, त्यांनी विचारलंच नाही तर?"

"विचारणार. आक्कासाहेब आहेत त्या. विधी अर्धा सोडायच्या नाहीत."

ठरल्या दिवशी उंबरगडचं वऱ्हाड आलं, ते बँड लावूनच! विक्रमरावांना फेटा, आक्कासाहेबांच्या अंगावर नारायणपेठ. मी आमच्या नाट्यगृहाच्या दारात चौरंग मांडून ठेवला होता. आक्कासाहेबांना त्यावर बसवलं, पितळी परात पुढं ओढली आणि बाटल्यांची बुचं फोडून पाय धुवायला लागले.

"अगं, पायांना बाटलीतलं पाणी?" त्यांनी भुवया चढवल्या.

"आमच्या नळाचं पाणी तुमच्या पायांना कसं लावू, आक्कासाहेब?" मी खाली मान घालून म्हटलं.

त्यांनी विक्रमरावांकडं एक नजर टाकली. विक्रमराव फेट्याचा शेमला नीट करण्यात गुंग झाले.

मग पंगत. चांदीची ताटं आमच्या बायकांनी घराघरांतून गोळा केली होती. पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, भजी. आक्कासाहेबांना मी स्वतः वाढत होते. "आणखी अर्धी घ्या, वरमाईनं नाही म्हणायचं नसतं." त्या खूश! विक्रमराव तर शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बायका समजूतदार आहेत निंबसरच्या, पुरुषांचं काही खरं नाही." दत्ताप्पा पलीकडं वाढपी होऊन उभे होते. तुपाची तांबली त्यांनी विक्रमरावांच्या भातावर अशी उपडी केली, की भात पोहायला लागला. मी डोळे वटारले तेव्हा कुठं थांबले.

जोगळेकर बिचारा हातात करार घेऊन कोपऱ्यात उभा. दर पाच मिनिटांनी मला विचारायचा, "मॅडम, सही कधी?"

"अहो, आधी विधी. तुमचं लग्न झालेलं नाही, तुम्हाला नाही कळायचं."

पान खाऊन झालं. लोक पांगायला लागले आणि माझ्या मनात धाकधूक. रेवती खांबाआडून माझ्याकडं बघत होती. आता त्या गाडीत बसल्या की सगळं मुसळ केरात! तेवढ्यात आक्कासाहेबांनी पदर सावरला आणि हसत हसत म्हणाल्या, "सगळं यथासांग झालं हो हेमलता. पण सूनमुख राहिलं की! नवरीचं तोंड न बघताच वरमाईला परत धाडतेस काय?"

त्या गमतीनं बोलल्या होत्या. मी दिवसभर त्याचीच वाट बघत होते.

"राहील कसं?" मी पिशवीतून आरसा काढला. "चला ना. नवरी इथंच मागं आहे."

नाट्यगृहाच्या मागं नदीचा घाट. मी पुढं, आक्कासाहेब मागं, त्यांच्या मागं विक्रमराव, दत्ताप्पा, जोगळेकर आणि अर्धं वऱ्हाड. बायका खुसखुसत होत्या, काहीतरी खेळ असणार म्हणून. घाटाच्या शेवटच्या पायरीवर मी आक्कासाहेबांना नदीकडं पाठ करून उभं केलं आणि त्यांच्यासमोर आरसा असा धरला, की त्यांच्या खांद्यावरून नदी दिसावी.

सूनमुख म्हणजे तसंच असतं. सासूनं सुनेचं तोंड आरशात बघायचं.

येळवंतीवर साबणासारखा फेस होता. काळपट पाणी, त्यात प्लास्टिक, मेलेले चिलापी मासे, आणि वास असा की मागच्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"ही नवरी," मी म्हटलं. "पण आक्कासाहेब, एक घोटाळा झालाय बघा. ही आमची पोर नाही. हिचा जन्म तुमच्या डोंगरातला. तुमच्या अंगणातनं निघते आणि नांदायला आमच्याकडं येते. मग मुलाकडचे कोण झाले?"

आक्कासाहेब आरशात बघत राहिल्या. मग त्यांनी तो माझ्या हातातून खाली घेतला.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"आणि आपण..." वऱ्हाडातली एक बाई बोलायला गेली.

"आपण मुलीकडचे. आणि मी व्याह्यांकडनं पाय धुऊन घेतले! अगं बाई, लेकीच्या घरी बसून चार पोळ्या खाल्ल्या गं मी!"

खरं सांगते, इथपर्यंतच माझा बेत होता. त्या वरमतील, लेकाला दोन शब्द सुनावतील, तो सही करेल आणि आम्ही मनातल्या मनात टाळ्या पिटू. पुढचं माझ्या हिशेबातच नव्हतं. आमच्याकडं जुन्या घरांत एक चाल आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आक्कासाहेब ती चाल पाळणाऱ्यांतल्या.

त्या घाटाच्या पायरीवर बसल्या. उन्हात.

"आई, चल, गाडी लागलीय," विक्रमराव म्हणाले.

"तू जा. लेक अशी माखलेली सासरी धाडलीस, तुला झोप कशी लागते रे? हिला न्हाऊ-माखू घातल्याशिवाय मी उठत नाही. आणि हिच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही."

मी घाबरले. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर ऊन! मी धावत जाऊन सीलबंद बाटली आणली. "आक्कासाहेब, हे तर दुकानातलं आहे."

"दुकान कुणाच्या गावातलं?"

"आमच्या."

"मग ठेव खाली."

"अहो, पण नदीला लेकरांची काय कमी? आम्ही सगळी हिचीच की!"

"माझ्यासमोर शहाणपणा नको करूस हेमलता. तू आज पुष्कळ केलास."

मी छत्री धरून उभी राहिले. विक्रमरावांना घाम फुटला. तिथल्या तिथं जोगळेकरच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी करारावर सही ठोकली. दत्ताप्पांनीही ठोकली. जोगळेकरचा आनंद गगनात मावेना, पण पाठ त्याची असल्यानं त्याला हलता येईना.

"झालं, आई. सही झाली. ऊठ."

"सहीनं आंघोळ होते होय? प्रकल्प चालू कर."

विक्रमरावांनी इंजिनियरला फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजले, आणि येऊन फोन आईच्या कानाजवळ धरला. "ऐक. चालू झाला." फोनमधून घरघर येत होती. आक्कासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"विक्रम, हा ट्रॅक्टर आहे."

"आई..."

"जन्म गेला माझा शेतात. मला ट्रॅक्टर कळत नाही? त्या माणसाला सांग, ट्रॅक्टर बंद कर आणि मोटार चालू कर."

घाटावर जो हशा पिकला! वऱ्हाडातले बँडवालेसुद्धा पोट धरून हसायला लागले. विक्रमराव कानापर्यंत लाल. त्यांनी परत फोन लावला, आणि या वेळी कुजबुजले नाहीत, चांगले खणखणीत ओरडले. मोटार गंजून बसली होती, तिला उठवायला पलीकडच्या लोकांना बराच वेळ लागला. ऊन उतरलं. शेवटी फोन आला. आक्कासाहेबांनी ऐकलं, मान हलवली.

"हं. ही मोटार."

मी त्यांना उठवायला हात पुढं केला. त्यांनी हात धरला, पण उठल्या नाहीत.

"माझं घर झालं. आता तुझं राहिलं," त्या म्हणाल्या आणि बोट दाखवलं. घाटाच्या खालच्या अंगाला आमच्या बाजारपेठेचं गटार धो धो नदीत पडत होतं. दुपारभर त्याच्यासमोर बसून होत्या. दिसणार नाही तर काय होणार? "पोर इथनं पुढं कुठं जाते गं?"

"खाली. हिंगणवाटला," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"म्हणजे तिथं तुम्ही मुलीकडचे."

दत्ताप्पा घाईनं पुढं आले. "आक्कासाहेब, आमचा प्रकल्प मंजुरीसाठी वर गेलाय."

"बसते मग मी, मंजुरी खाली येईपर्यंत."

उंबरगडच्या बायका अशा काही हसल्या की जमीन दुभंगली असती तर मला बरं वाटलं असतं. विक्रमरावांच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं खरं हसू तेव्हा दिसलं. माझा आरसा माझ्यावरच उलटला होता, आणि त्यात खोट काढायला मला जागाच नव्हती. हिंगणवाटलाही गल्ल्या होत्या. तिथंही कुणीतरी रेवती पाणी उकळत बसलेली असणार. मला तोवर ती कधी दिसली नव्हती.

"लिहून घ्या, जोगळेकर," मी म्हटलं. "करारात तिसरं नाव घाला. हिंगणवाट."

"मॅडम, पण जोडी दोनांचीच..."

"अरे, घाल म्हणते ना ती!" आक्कासाहेब ओरडल्या, आणि तेव्हा कुठं उठल्या. पाणी मात्र घेतलं नाही. निंबसरची वेस ओलांडल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि आपल्या घरचा फिरकीचा तांब्या तोंडाला लावला, असं ड्रायव्हरनं मागनं सांगितलं.

पुढच्या पंधरवड्यात आम्ही हिंगणवाटला गेलो. आक्कासाहेब मुलीची आई म्हणून बरोबर आल्या. हिंगणवाटच्या बायकांना सगळी हकिकत आधीच पोचली होती. वेशीवर चौरंगावर रांगेनं बसल्या होत्या, पाय पुढं करून! दत्ताप्पांनी आणि मी एकेकीचे पाय धुतले. एक ठसकेबाज बाई तर म्हणाली, "टाचा नीट घासा, मुलीकडचे." दत्ताप्पांनी घासल्या. सांगायचं म्हणजे त्यांना त्यातलं सगळ्यात जास्त मजेशीर तेच वाटलं, आयुष्यभर सांगत फिरले. मंजुरीची वाट न बघता आम्ही मंडळातल्या चौथ्या शहराकडून कर्दळीच्या वाफ्यांतून सांडपाणी गाळायची रीत शिकून आलो. बाजाराच्या गटाराला तिथं वळवलं. आज त्या वाफ्यांत पिवळी-लाल फुलं असतात आणि बायका ती देवाला न्यावीत की नाही यावर भांडतात.

उंबरगडचा प्रकल्प एकदा बंद पडला होता, मधे. विक्रमरावांनी केला असावा किंवा खरंच बिघडला असावा. मी फक्त आक्कासाहेबांना फोन करून विचारलं, "आक्कासाहेब, घाटावर सतरंजी टाकून ठेवू का?" संध्याकाळी चालू झाला.

रेवती बाळंत झाली. मुलगी. दोघी धडधाकट. बारशाला आक्कासाहेब न बोलावता आल्या, मागं विक्रमराव झबल्या-टोपड्याची पिशवी धरून. पाळण्याशी बसून पोरीला चार झोके दिले. मग मला म्हणाल्या, "येळवंतीच्या पाण्यावर वाढलेलं पोर ना हे? म्हणजे माझ्या लेकीला मूल झालं. आता पाणी आण."

मी आनंदानं उकळून गार केलेलं आणायला वळले.

"ते नको. नळाचं आण."

माझे पाय जागीच थांबले. आम्ही अजून नळाचं सरळ प्यालो नव्हतो. तपासणी अहवाल चांगले येत होते, पाण्याला वास नव्हता, गल्लीत त्या मोसमात एकही कावीळ नव्हती. तरी भरवसा म्हणून ठेवला नव्हता, कुणीच. शबानाची सासू दारात उभी होती. विक्रमरावांचा चेहरा पांढरा पडला. "आई, कशाला उगीच?"

"का रे? मोटार चालू आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "रोज चालू असते, आई. शपथ."

मी नळ सोडला, तांब्या भरला आणि आणून दिला. त्यांनी पदरानं कड पुसली, मान वर केली आणि घरातल्या सगळ्यांच्या देखत तांब्या रिकामा केला.

"क्लोरीन जरा जास्त झालंय," म्हणाल्या, आणि शबानाच्या सासूकडं बघून मला म्हणाल्या, "त्यांनाही आण."